चवथीनंतरचा फ्लास्क : एका सेल लाइनच्या ओळखीचं प्रकरण

हे प्रकरण तिसवाडीतल्या एका छोट्या संशोधन प्रयोगशाळेतलं आहे. त्यातली मूळ चूक माझ्या हातून झाली, त्यामुळे ते लिहून काढायची जबाबदारीही माझीच. आमच्याकडे एक इन्क्युबेटर, एक लॅमिनार हूड (निर्जंतुक हवेचं कपाट), पेशी गोठवून ठेवायचं लिक्विड नायट्रोजनचं एक पिंप आणि रक्ताच्या कर्करोगाच्या दोन सेल लाइन, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून काढून फ्लास्कात कायम वाढवत ठेवलेल्या पेशी, आहेत : एचएल-६० आणि के-५६२. माणसं तीन. पीएचडी करणारी विद्यार्थिनी, तंत्रज्ञ आणि मी. अशा प्रयोगशाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि जे आमच्याकडे झालं ते कुठेही होऊ शकतं, म्हणून तपशील न गाळता सांगतो.

विद्यार्थिनीचा विषय खारफुटीतल्या बुरशींचा. मांडवीच्या काठी खारफुटीची पानं चिखलात गळून कुजतात, त्या पानांवर बुरशी वाढतात. खारं पाणी, भरती-ओहोटी आणि उन्हाचा तडाखा सोसून जगणाऱ्या या बुरशी तऱ्हेतऱ्हेची रसायनं तयार करतात. त्यांपैकी एखादं ल्युकेमियाच्या पेशींवर काम करतं का, हा तिचा प्रश्न. ही कल्पना हवेतली नाही. १९५० च्या सुमारास कॅरिबियन भागातल्या एका स्पंजात वेर्नर बर्गमन यांना वेगळ्याच घडणीचे न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनएच्या घटकांसारखे रेणू, सापडले. त्या घडणीवरून पुढे १९५९ मध्ये सायटाराबिन हे औषध बनवलं गेलं, १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, आणि तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या केमोथेरपीचा कणा आजही तेच आहे. समुद्रातल्या जिवाकडून रक्ताच्या कर्करोगाचं औषध मिळालं, हे एकदा घडून गेलेलं आहे.

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, हा घाईचा आजार. अस्थिमज्जेत कच्च्या पेशी भराभर वाढतात, पक्व होत नाहीत, आणि चांगल्या रक्तपेशींना जागा उरत नाही. उपचार नाही मिळाले तर रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. त्यावर दोन वाटांनी जाता येतं. एक, कच्च्या पेशी मारायच्या. दुसरी, त्यांना पक्व व्हायला लावायचं, कारण पक्व झालेली पेशी पुढे विभागत नाही आणि काही दिवसांत आपणहून संपते. दुसरी वाट किती दूर नेऊ शकते हे १९८८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी दाखवलं. प्रॉमायलोसायटिक ल्युकेमियाच्या २४ रुग्णांना त्यांनी ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अॅसिड दिलं. हे जीवनसत्त्व अ चं एक रूप. त्या सगळ्यांचा आजार पूर्ण आटोक्यात आला. त्याआधी हा ल्युकेमियाच्या सर्वांत जीवघेण्या प्रकारांत गणला जायचा.

या वाटेवर प्रयोगशाळेतला जुना सोबती म्हणजे एचएल-६०. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एका ३६ वर्षांच्या बाईच्या रक्तातून ही लाइन निघाली, १९७७ मध्ये जाहीर झाली. तिच्या पेशी कच्च्याच राहतात, पण सव्वा टक्का डीएमएसओ हे द्रावक किंवा एक मायक्रोमोलर रेटिनॉइक अॅसिड घातलं की चार-पाच दिवसांत त्या न्यूट्रोफिलसारख्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींसारख्या, पक्व होऊ लागतात. एखादा अर्क पेशींना पक्व करतो का हे पाहायचं तर हिच्याइतकी सोयीची लाइन नाही. आमचा आराखडा तिच्याभोवतीच उभा होता.

निळा रंग आला नाही

नोव्हेंबरपर्यंत विद्यार्थिनीने एका बुरशीच्या अर्काचे सहा भाग वेगळे केले होते. चौथा भाग पेशी मारत होता. एमटीटी या, जिवंत पेशींचा अंदाज देणाऱ्या चाचणीत आलेख छान उतरत होता, तीनदा केलं तरी तसाच. एका परिषदेसाठी आम्ही सारांशही पाठवून दिला. राहिला होता तो पक्वतेचा प्रयोग : हा भाग कमी मात्रेत दिला तर पेशी मरण्याऐवजी पक्व होतात का?

त्यासाठी एनबीटी नावाची साधी चाचणी असते. पक्व न्यूट्रोफिल चेतवला की तो सुपरऑक्साइड सोडतो, आणि त्याने पिवळट एनबीटीचं गडद निळं, जवळजवळ काळं फॉर्मझान होतं. ते कण पेशीतच साठतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, काचपट्टीवर घ्यायचं, दोनशे पेशी मोजायच्या आणि त्यांतल्या निळ्या किती ते लिहायचं. प्रत्येक वेळी एक फ्लास्क फक्त रेटिनॉइक अॅसिडचा ठेवायचा. तिथे निळ्या पेशी दिसल्याच पाहिजेत. त्या दिसल्या नाहीत तर अर्काबद्दल काहीच बोलता येत नाही.

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकावरून उठली आणि म्हणाली, "सर, अर्काच्या फ्लास्कात निळं काही नाही. पण रेटिनॉइकच्या फ्लास्कातही दोनशेत तीनच आहेत. तुम्ही एकदा बघा."

मी पाहिलं. काचपट्टीभर मोठ्या, गोल, स्वच्छ पेशी. निळे ठिपके जवळजवळ नाहीतच.

पहिला संशय रेटिनॉइक अॅसिडवर गेला. ते उजेडाने खराब होतं, आणि आमची बाटली फॉइलमध्ये गुंडाळलेली असली तरी जुनी होती. नवी मागवली. निकाल तोच. मग डीएमएसओ वापरून पाहिलं, तरी तेच. इथे माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. रेटिनॉइक अॅसिड आणि डीएमएसओ पूर्ण वेगवेगळ्या तऱ्हेने काम करतात. दोन्ही एकाच वेळी नापास झाली असतील, तर दोष औषधात शोधून चालणार नाही. एनबीटीच खराब आहे का हे पाहायला मी माझ्याच बोटातून थेंबभर रक्त घेतलं, कल्चर रूमपासून लांब, दुसऱ्या टेबलावर. माझे न्यूट्रोफिल अर्ध्या तासात निळे झाले. म्हणजे एनबीटी ठीक होतं.

मग मायकोप्लाझ्मा. हे जंतू इतके बारीक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतात. त्यांना पेशीभित्ती नसते, त्यामुळे मीडियममधल्या (पेशींच्या पोषक द्रवातल्या) पेनिसिलिनचा त्यांच्यावर काही परिणाम नाही. मीडियम गढूळही होत नाही, पण पेशींचं वागणं मात्र पार बदलतं. त्यांचा डीएनए शोधणारी आमची पीसीआर चाचणी निगेटिव्ह आली. तंत्रज्ञाने डीएपीआय हा डीएनएला चिकटून चमकणारा रंग लावूनही पाहिलं : केंद्रकं चकाकत होती, बाहेर काळोख. इथपर्यंत आठ दिवस गेले होते.

काचपट्टीवरची ओळख

आता लिहिताना वाटतं, हा पुढचा टप्पा पहिल्याच दिवशी करायला हवा होता. त्याला खर्च जवळजवळ नाही.

विद्यार्थिनीने पेशींचा स्मीअर केला, म्हणजे काचपट्टीवर पातळ थर पसरला, आणि लीशमन स्टेन हा रंग लावला. एचएल-६० च्या पेशींत जांभळट कणांची दाट पखरण असते, प्रॉमायलोसाइट या कच्च्या पांढऱ्या पेशीला शोभेल अशी. आमच्या पेशींत कण तुरळक होते, आणि त्या होत्याही मोठ्या. मग रक्तविकृतिशास्त्रातल्या एका मैत्रिणीला मी दोन कोरे स्मीअर दिले आणि मायलोपेरॉक्सिडेज या, मायलॉइड पेशींतल्या एन्झाइमचा स्टेन करायला सांगितलं. तिचा फोन दुपारी आला. ती म्हणाली, "अरे, हे निगेटिव्ह आहे. एचएल-६० तर एकदम पॉझिटिव्ह हवी ना? नक्की तीच दिलीस?"

नक्की तीच दिली होती. निदान कुपीवर तसं लिहिलं होतं.

आता प्रश्न उरला की ही नाही, तर मग कोण? इन्क्युबेटरमध्ये दुसरी एकच लाइन होती. के-५६२. टेनेसीमधल्या नॉक्सव्हिल इथे कार्मेन आणि बिस्मार्क लोझिओ या दांपत्याने ती ५३ वर्षांच्या एका रुग्ण बाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून वाढवली आणि १९७५ मध्ये जाहीर केली. त्या बाईला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होता आणि तो ब्लास्ट क्रायसिसच्या अवस्थेत गेला होता. म्हणजे वर्षानुवर्षं संथ चालणारा आजार एकाएकी तीव्र ल्युकेमियासारखा उसळला होता. के-५६२ मध्ये बीसीआर-एबीएल हे जोडजनुक, म्हणजे दोन जनुकं एकमेकांना जुळून झालेलं जनुक, आहे. तिच्यात मायलोपेरॉक्सिडेज नसतं. आणि तिचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे हेमिन (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाचं एक रूप) दिलं की ती हिमोग्लोबिन बनवू लागते.

हेमिन आमच्या फ्रीजमध्ये होतं. त्या कथित एचएल-६० च्या एका फ्लास्कात ते घातलं आणि चार दिवस थांबलो. पाचव्या दिवशी विद्यार्थिनीने पेशी सेंट्रिफ्यूज केल्या, दोनदा धुतल्या, आणि ट्यूब खिडकीजवळ उजेडात धरली. शेजारी हेमिन न दिलेल्या पेशींची ट्यूब. एका तळाशी नेहमीचा पांढुरका पेलेट, दुसऱ्या तळाशी फिकट कोकमाच्या सरबताच्या रंगाचा. आम्ही तिघंही तिथेच उभे होतो, कोणीच काही बोललं नाही. मग इमॅटिनिब हे औषधही लावून पाहिलं. एक मायक्रोमोलरला तीन दिवसांत पेशींची संख्या कोसळली. इमॅटिनिब बीसीआर-एबीएलला धरतं आणि एचएल-६० मध्ये ते जनुक नाही, तेव्हा एचएल-६० ला इतक्याशा मात्रेने काही व्हायला नको.

इतकं झाल्यावर पेशी एसटीआर तपासणीला बाहेर पाठवल्या. फौजदारी प्रकरणात डीएनएवरून माणूस ओळखतात तीच ही पद्धत. डीएनएवर काही ठिकाणी लहान तुकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि किती वेळा येतात हे माणसागणिक वेगळं असतं. काही हजार रुपयांत आठ किंवा अधिक जागांचे आकडे मिळतात. अहवाल आला. टीएच०१ या जागी ९.३. एचएल-६० ला तिथे ७ आणि ८ असतात. सीएसएफ१पीओ या जागी ९ आणि १०, तिथे एचएल-६० ला १३ आणि १४ हवेत. बाकी आकडेही के-५६२ च्या प्रसिद्ध आकड्यांशी तंतोतंत जुळले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. व्हीडब्ल्यूए या जागी दोन्ही लाइनना १६ च आहे. दोन्ही बायकांच्या पेशी असल्यामुळे लिंगदर्शक खूणही सारखीच, एक्स. कोणी दोन-तीन जागा बघून "जुळतंय" म्हटलं असतं तर फसलं असतं. आठ जागा धरून मी हाताने हिशेब केला. दोन्ही लाइनना तेरा-तेरा खुणा, त्यांतल्या सहा सामाईक, म्हणजे जुळणी ४६ टक्के. दोन नमुने एकाच माणसाचे म्हणायला किमान ८० टक्के लागतात.

कधी झालं, कसं झालं

संशयाची पहिली सुई ज्यांनी आम्हाला एचएल-६० दिली त्यांच्याकडे वळली. ती आम्हाला दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडून मैत्रीखातर मिळाली होती, तोंडापर्यंत मीडियमने भरलेल्या, पॅराफिल्म गुंडाळलेल्या जिवंत फ्लास्कात, रेल्वेने. आपल्याकडे पेशींची अशी देवघेव सर्रास चालते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून तपासलेली लाइन रीतसर मागवता येते. पण अर्ज, पैसे आणि वाट पाहणं टाळायला आपण ओळखीच्या माणसाला फोन करतो. त्यांनाच दोष द्यावा, असं क्षणभर वाटलं. पण तो निर्णय आमच्या नायट्रोजनच्या पिंपातूनच होणार होता.

पिंपात एचएल-६० नावाच्या तीन तारखांच्या कुप्या होत्या. एक चवथीच्या आठवडाभर आधी गोठवलेली. दुसरी दसऱ्याच्या आठवड्यातली. तिसरी नोव्हेंबरची. प्रत्येकीतून थोड्या पेशी काढून तिन्ही एसटीआरला पाठवल्या.

चवथीआधीची कुपी शुद्ध एचएल-६० निघाली. म्हणजे देणाऱ्यांनी योग्य तीच लाइन दिली होती. त्याच दिवशी मी त्यांना फोन करून हे सांगितलं, कारण मधल्या दिवसांत मी त्यांना विचारायला फोन केला होता आणि ते काळजीत पडले होते.

नोव्हेंबरची कुपी पूर्ण के-५६२.

दसऱ्याच्या कुपीचा अहवाल मी अजून भिंतीवर लावून ठेवला आहे. टीएच०१ च्या जागी तीन शिखरं : ७ आणि ८ ची ठेंगणी, ९.३ चं उंच. सीएसएफ१पीओ च्या जागी चार : ९, १०, १३, १४. एका माणसाकडे अशा एका जागी सहसा दोनच खुणा असतात, एक आईची, एक वडिलांची. चार दिसल्या याचा अर्थ कुपीत दोन माणसं होती.

आता गणित. आमच्या नोंदींप्रमाणे दहा टक्के सीरममध्ये के-५६२ साधारण २४ तासांत दुप्पट होते, एचएल-६० ला ३६ तास लागतात. म्हणजे एकाच फ्लास्कात दोघी असल्या तर के-५६२ चं दुसरीशी प्रमाण दर तीन दिवसांनी दुप्पट होत जाणार. सुरुवातीला हजारात एक पेशी के-५६२ ची धरली, तर महिन्याभरात दोघी निम्म्या-निम्म्या, आणि दोन महिन्यांत उलट हजारात एकच एचएल-६०. चवथ ते दसरा पाच आठवडे, म्हणजे तेव्हा प्रमाण एकास तीनच्या आसपास. अहवालातली उंच-ठेंगणी शिखरं त्याच्याशी बरीच जुळतात. हजारात एक म्हणजे किती थोडं, हेही पाहा. फ्लास्कात तीस लाख पेशी असतील तर तीन हजार. चांगल्या वाढलेल्या के-५६२ च्या फ्लास्कातला डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पाच मायक्रोलिटरचा थेंब तेवढ्या पेशी घेऊन येतो.

मग नोंदवही उघडली. चवथीच्या पाच दिवसांत फक्त एक नोंद आहे, अक्षर माझं. "दोन्ही फीड केल्या." तीन शब्द, म्हणजे दोन्ही लाइनना ताजं मीडियम दिलं. वेळ वीस मिनिटं.

तो दिवस मला आठवतो. आमचा गणपती माशेलच्या घरी पाच दिवसांचा. विद्यार्थिनीला आणि तंत्रज्ञाला मी सुट्टी दिली होती. पिंपातल्या नायट्रोजनची पातळी खाली गेली होती, नवा पुरवठा चवथीनंतर येणार होता, त्यामुळे नुसत्या गोठवलेल्या कुप्यांवर विसंबायला मन धजेना आणि दोन्ही फ्लास्क चालू ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळची आरती झाल्यावर मी गाडी काढली. शेजारच्या सीटवर पणजीतल्या बहिणीकडे पोचवायचा नेवऱ्यांचा डबा होता, आणि दुपारच्या जेवणाला पाहुणे यायचे होते. के-५६२ चा फ्लास्क आधी उघडला. मग एचएल-६० चा. हूडमध्ये दोन्ही एकाच वेळी होते का, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. पण आम्ही काचेची पिपेट ऑटोक्लेव्ह करून डब्यात मोजून ठेवतो आणि वापरलेल्यांची संख्या लिहितो. त्या दिवशी डब्यातून एकच पिपेट कमी झालं होतं. फ्लास्क दोन आणि पिपेट एक.

हे मी विद्यार्थिनीला समोर बसवून सांगितलं. तिच्या हातून काही बिघडलं असेल या भीतीत तिने तीन आठवडे काढले होते, आणि ते मला आधी दिसलं नाही याचं मला पिपेटपेक्षा जास्त वाईट वाटतं.

बरोबर लाइन असती तरी

हा तपास चालू असताना एचएल-६० बद्दलचे जुने लेख पुन्हा वाचले, आणि आमच्या सारांशात आणखी एक चूक सापडली. पिपेटशी तिचा काही संबंध नव्हता.

आम्ही लिहिलं होतं, "प्रॉमायलोसायटिक ल्युकेमियाच्या पेशींवर परिणाम". एचएल-६० ज्या बाईची, तिच्या आजाराचं पहिलं निदान तेच होतं हे खरं. पण १९८८ मध्येच संशोधकांनी जुनी सामग्री पुन्हा तपासून दाखवलं की तो एएमएलचा एम-२ प्रकार होता, एम-३, म्हणजे प्रॉमायलोसायटिक, नव्हे. प्रॉमायलोसायटिक ल्युकेमियाची खरी खूण म्हणजे १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल आणि तिच्यातून होणारं पीएमएल-आरएआरए हे जोडजनुक. एचएल-६० मध्ये ते नाही. तिच्यात मिक जनुकाच्या कितीतरी जादा प्रती आहेत, एनआरएएस बदललेलं आहे, पी५३ गमावलेलं आहे. रेटिनॉइक अॅसिडला ती प्रतिसाद देते तो साध्या, न बिघडलेल्या ग्राहक प्रथिनामार्फत (रिसेप्टर). प्रॉमायलोसायटिकबद्दल बोलायचं असेल तर एनबी४ घ्यायला हवी, तिच्यात ते जोडजनुक आहे. म्हणजे आमच्या फ्लास्कात खरी एचएल-६० असती तरी सारांशाचं शीर्षक चुकलेलंच राहिलं असतं.

नवीन मुलांना मी हे आता पहिल्याच आठवड्यात शिकवतो, कारण आक्रमक ल्युकेमिया हा एक आजार नाही. एफएलटी३ या जनुकातल्या आयटीडी बदलामुळे एएमएल उलटण्याचा धोका वाढतो. त्या बदलावरच्या औषधाची चाचणी एचएल-६० वर करण्यात अर्थ नाही. त्यासाठी एमव्ही४-११ किंवा एमओएलएम-१३ हवी. त्या दोघींतही फरक आहे. एमव्ही४-११ मध्ये बदललेलीच प्रत आहे, एमओएलएम-१३ मध्ये चांगली आणि बदललेली दोन्ही. एनपीएम१ जनुकाचा बदल पाहायचा तर ओसीआय-एएमएल३. मुलांमधल्या ८-२१ अदलाबदलीच्या ल्युकेमियासाठी कासुमी-१, सात वर्षांच्या मुलाची. बर्किट लिम्फोमासाठी राजी, ११ वर्षांच्या एका नायजेरियन मुलाच्या जबड्यातल्या गाठीतून १९६३ मध्ये वाढवलेली. रक्तपेशींची ती पहिली कायम वाढणारी मानवी लाइन. नावं पाठ करायची गरज नाही. प्रश्नाला साजेशी लाइन कोणती हे तपासायची सवय मात्र हवी.

आणि या सगळ्या लाइन मूळ आजाराच्या तुलनेत अपुऱ्याच. फ्लास्कात अस्थिमज्जेचा आधार नाही, शेजारच्या पेशी नाहीत, प्रतिकारशक्ती नाही. प्लॅस्टिकमध्ये भरभर वाढू शकतील अशाच पेशी वर्षानुवर्षं निवडल्या जातात. फ्लास्कात जे चाललं ते रुग्णात चालेलच असं नाही. म्हणूनच निदान फ्लास्कात काय आहे हे तरी पक्कं ठाऊक असायला हवं.

आमची चूक जुन्या घराण्यातली आहे. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी एका एन्झाइमच्या प्रकारावरून दाखवलं की वेगवेगळ्या नावांच्या कितीतरी लाइन प्रत्यक्षात हेला होत्या, हेन्रिएटा लॅक्स यांच्या १९५१ सालच्या गाठीतल्या पेशी. त्या काळी लोक त्यांच्यावर रागावले. ल्युकेमिया-लिम्फोमाच्या लाइनही सुटल्या नाहीत. जे-१११ ही मोनोसायटिक ल्युकेमियाची म्हणून वापरली गेली आणि ती हेला निघाली. डॅमी ही मेगाकॅरिओसाइटची (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशीची) नवी लाइन म्हणून जाहीर झाली, ती एचईएल ही जुनी लाइनच निघाली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या पेशीपेढीत हान्स ड्रेक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५० ल्युकेमिया-लिम्फोमा लाइन तपासल्या. २००३ मध्ये त्यांनी लिहिलं की जवळजवळ १५ टक्के लाइन नाव सांगतं त्या नव्हत्या. हा आकडा मी आधीही वाचला होता. वाचताना आपण त्यात येऊ असं वाटलं नव्हतं.

पुढे काय केलं

परिषदेचा सारांश मागे घेतला. आयोजकांना कारण सरळ लिहून कळवलं. त्यांनी दोन ओळींचं उत्तर दिलं आणि आभार मानले.

विद्यार्थिनीने विचारलं, "सर, मग माझं सगळं काम फुकट गेलं का?"

आम्ही दोघांनी बसून नोव्हेंबरपासूनच्या वह्या काढल्या. एमटीटीचे आकडे खोटे नव्हते, त्यांच्यावरचं नाव चुकीचं होतं. चवथीआधीची कुपी थॉ करून (वितळवून) खऱ्या एचएल-६० वर तिने चौथा भाग पुन्हा लावला. ज्या मात्रेत के-५६२ च्या निम्म्या पेशी मरत होत्या, त्या मात्रेत एचएल-६० ला फारसं काही झालं नाही. नुसतं विष असतं तर दोन्ही लाइन मेल्या असत्या. या फरकाचा बीसीआर-एबीएलशी काही संबंध आहे का, हा प्रश्न नव्याने उभा राहिला, आणि ती सध्या त्यावर काम करते आहे, इमॅटिनिबला शेजारी ठेवून. जुन्या सगळ्या पानांवर तिने लाल शाईने लाइनचं खरं नाव लिहिलं. आधीचं नाव खोडलं नाही, ते तसंच वाचता येतं.

कामाच्या पद्धतीत जे बदललं ते थोडकं आहे. हूडमध्ये एका वेळी एकच लाइन, आणि दोन लाइनमध्ये हूड पुसून पंधरा मिनिटं थांबायचं. प्रत्येक लाइनला वेगळी मीडियमची बाटली, झाकणावर रंगीत पट्टी : एचएल-६० ची निळी, के-५६२ ची लाल, म्हणजे एनबीटी आणि हेमिनचे रंग. ही कल्पना तंत्रज्ञाची. नवी लाइन आली की आधी एसटीआर, मग गोठवण, मग प्रयोग. गोठवलेल्या प्रत्येक तुकडीतली एक कुपी तपासणीसाठी राखायची, आणि पंधरा-वीस पॅसेज, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कात वाटून घेण्याच्या फेऱ्या, झाले की पिंपातून नवी काढायची. एसटीआरलाही मर्यादा आहे, साधारण दहा टक्क्यांच्या खालची भेसळ तिच्या नजरेतून निसटू शकते, म्हणून दर महिन्याला एचएल-६० ला रेटिनॉइक अॅसिड देऊन एनबीटी करतो. तीन शब्दांची नोंद आता चालत नाही. पॅसेज, वेळ, पिपेटांची संख्या आणि कोणता फ्लास्क आधी, हे लिहावंच लागतं, मलासुद्धा.

थॉ केलेल्या जुन्या कुपीची पहिली एनबीटी विद्यार्थिनीनेच केली. दोनशे पेशी मोजून झाल्यावर ती उठली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. काचपट्टीवर जिकडे तिकडे गडद निळ्या ठिपक्यांच्या पेशी होत्या, काहींत इतकं निळं की केंद्रकही दिसत नव्हतं.

यंदा चवथीच्या चार दिवस आधी नायट्रोजनचं पिंप काठोकाठ भरून घेतलं. दोन्ही लाइन गोठवल्या, इन्क्युबेटर रिकामा करून पुसला, पाण्याचा ट्रे काढून सुकवला आणि बटण बंद केलं. तंत्रज्ञाने दारावर चिठ्ठी लावली, सहाव्या दिवशी सकाळी नऊला उघडेल म्हणून, आणि आम्ही तिघंही घरी गेलो.